कृपया इकडे लक्ष द्यावे

मराठी समीक्षेने आजवर बऱ्याच पोरक्या वाङ्मयप्रकारांना दत्तक घेतले. ओव्या झाल्या, उखाणे झाले, ट्रकच्या पाठीवरची सुभाषिते झाली. लग्नपत्रिकेच्या तळाशी असणाऱ्या ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीचाही कुणीतरी प्रबंधात परामर्श घेतला असेल. पण एक वाङ्मयप्रकार अजून समीक्षकाची वाट पाहत ताटकळतो आहे. तो म्हणजे विमान सुटण्यापूर्वी होणारी सुरक्षा सूचना.

या संहितेचे जगभर दिवसाला हजारो प्रयोग होतात. रंगभूमीच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्या नाटकाला हे भाग्य लाभलेले नाही. शिवाय प्रेक्षक अक्षरशः खुर्चीला बांधलेला! आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवातल्या नटांनी अशा प्रेक्षकासाठी नवस बोलले असते. आणि इतके असून हा बांधलेला प्रेक्षक रंगमंचाकडे ढुंकून बघत नाही. एकजण फोनवर ‘हो हो, बसलो, बसलो’ म्हणत असतो, दुसरा समोरच्या खिशातला सँडविचचा दरफलक वाचत असतो आणि तिसरा तर प्रयोगाआधीच घोरू लागलेला असतो.

दोष सगळा प्रेक्षकांचा आहे असे मला वाटत नाही. प्रयोगच तसा असतो. आवाज एका बाईचा, हातवारे दुसऱ्या बाईचे. दारे दाखवताना त्या विमानसेविकेचे हात असे काही हलतात की शेतातली पाखरे हाकलताहेत असे वाटावे. चेहऱ्यावर भाव नाही. ‘पाण्यात उतरावे लागल्यास’ हे वाक्य ती ज्या चेहऱ्याने ऐकवते, त्याच चेहऱ्याने पुढे ‘चहा की कॉफी’ विचारते. भाषेबद्दल तर बोलायलाच नको. ‘कुर्सी की पेटी बाँध लें’ हे ऐकल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काय येते? एक तर हार्मोनियम, नाहीतर आजोळची कडीकोयंड्याची लाकडी पेटी. ती कंबरेला कशी बांधायची या विवंचनेत पुढची तीन वाक्ये निघून जातात.

पण भाषा, अभिनय हे वरवरचे दोष. या संहितेचा खरा दोष समजायचा तर तिच्या प्रतिस्पर्ध्यांकडे पाहिले पाहिजे. प्रतिस्पर्धी म्हणजे आमचे साडू.

साडूंचा पहिला विमानप्रवास झाला आणि दुसऱ्या दिवसापासून ते हवाई वाहतुकीचे सल्लागार झाले. कुणी तिकीट काढतो म्हटले की साडू खुर्ची पुढे ओढतात. “मंगळवारी काढ. रात्री बारानंतर. आणि फोनवर ती गुप्त खिडकी असते ना, ती उघडून काढ.” का? “अरे, कंपनीला कळता कामा नये तू परत परत बघतोयस ते! कळलं की भाव वाढवतात.” वास्तविक विमानातल्या खुर्च्या वेगवेगळ्या भावांच्या टोपल्यांत वाटलेल्या असतात, स्वस्त टोपली संपली की पुढची महाग टोपली उघडते. आपण मंगळवारी बघा नाहीतर सोमवती अमावास्येला बघा. पण टोपलीच्या हिशेबात कारस्थान नाही, आणि साडूंच्या कारणात आहे. लोक कारस्थान लक्षात ठेवतात.

साडूंचे दुसरे शास्त्र म्हणजे डोके खाली घालून वाकून बसण्याची सूचना. “ती आपल्याला वाचवायला नाहीये हो! माणूस पटकन जावा, कंपनीला दवाखान्याची बिलं पडू नयेत, म्हणून!” हे ऐकून चारचौघांचे डोळे विस्फारतात. आता १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थला एक विमान मोटाररस्त्याच्या कडेला कोसळले. १२६ पैकी ४७ माणसे गेली, ७९ वाचली. कुणाचे डोके कशावर आपटले, कुणाचे पाय कसे मोडले याचा डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि वाकून बसण्याची पद्धत सुधारली ती त्यातून. डोके जिथे आपटणार तिथे ते आधीच टेकवून ठेवले तर मार कमी बसतो, इतके साधे कारण. पण ते विमानात कुणी सांगत नाही, म्हणून साडूंचे कारण चालते.

आणि तिसरे, जे मला हसण्यावारी नेता आले नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान पडले. विमानातल्या २४२ पैकी एकटा प्रवासी वाचला, तो ११-ए या खुर्चीवर होता. थोड्याच दिवसांत साडूंचा निरोप आला: पुढच्या वेळी ११-ए घ्या. त्या विमानात ११-ए संकटकाळच्या दाराशी होती. विमानाची जात बदलली की तोच आकडा भलतीकडे जातो. त्या आकड्यापेक्षा ते दार महत्त्वाचे. आपली खुर्ची कुठलीही असो, तिथून दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे ते मोजून ठेवावे; धूर भरला की डोळे उपयोगाचे राहत नाहीत, हाताने खुर्च्या मोजत जावे लागते. हे सांगून मी निरोप उलट धाडला. साडूंनी त्यावर अंगठा दाखवला आणि ११-ए चा निरोप आणखी तीन गटांत पाठवला.

आमची आजी सांगायची, तिन्हीसांजेला झोपू नये, लक्ष्मी दारावरून परत जाते. रात्री नखे काढू नयेत, दारिद्र्य येते. कारण खोटे असेल, पण कारण होते! म्हणून तर पन्नास वर्षांनी अजून रात्री नेलकटर हातात घेतला की मी दाराकडे बघतो. आजीचे सल्ले खऱ्याखोट्याची सरमिसळ, कारणे मात्र रसाळ. साडूंचे सल्ले खोटे, कारणे त्याहून रसाळ. आणि विमानातली सूचना, जिचे अक्षर न् अक्षर खरे, जिच्यातल्या एकेका वाक्यामागे कुणीतरी कुठेतरी जीव गमावलेला, ती मात्र पोलिसी पाटीसारखी: करा, करू नका, धन्यवाद.

खिडकीचे झाकण उघडे ठेवा, म्हणतात. माणसाला वाटते, बाहेरचा देखावा दाखवायची हौस दिसतेय. अहो, बाहेर कुठल्या बाजूला आग आहे ते आतून दिसावे म्हणून! रात्री आतले दिवे मंद करतात ते वीजबचतीसाठी नव्हे, डोळ्यांना आधीच अंधाराची सवय असावी म्हणून. खुर्चीची पाठ सरळ करा, ती मागच्या माणसाला बाहेर पडता यावे म्हणून. म्हणजे ही सूचना आपल्या सोयीची नाहीच, ती शेजारधर्माची आहे. हे कुणी सांगितले असते तर पाठ सरळ करताना कपाळावर आठी आली नसती.

मास्कचे घ्या. ‘इतरांना मदत करण्यापूर्वी स्वतःचा मास्क लावा.’ हे वाक्य मराठी आईच्या कानात शिरतच नाही. पोराला भरवल्याशिवाय जी घास घेत नाही, ती आधी स्वतःच्या नाकाला मास्क लावील? तिला ते स्वार्थी वाटते. तिला सांगायला हवे की बाई, आपण बसलोय ती बंद कुपी आहे. आतली हवा एरवीच कळसूबाईच्या शिखरापेक्षा विरळ असू शकते, आठ हजार फुटांवरच्यासारखी. म्हणून तर वेफर्सची पुडी फुगते. बाहेर आहे पस्तीस हजार फूट. कुपी फुटली तर तुझी शुद्ध अर्धा-एक मिनिट टिकेल, तेवढ्यात पोराचे नाक शोधत बसलीस तर दोघेही जाल. आधी स्वतःला लावलास तर त्याला लावायला तू शुद्धीवर असशील. एवढे सांगितल्यावर जगातली कुठली आई विसरेल? आणि हो, नाकाला लावा. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत इंजिन फुटून एका विमानातली हवा गेली, तेव्हा आत काढलेल्या फोटोत माणसांच्या तोंडांवर मास्क होते आणि नाके मोकळी. आपण हसू नये. २०२० साली आपली नाकेही कुठे होती ते आठवावे.

लाइफ जॅकेट विमानात फुगवू नका, बाहेर पडताना फुगवा. का ते कधी ऐकलेत? नोव्हेंबर १९९६ मध्ये अपहरण झालेले एक इथिओपियन विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले. आत १७५ माणसे होती, १२५ गेली. त्यांतली कित्येक पाण्यावर आपटूनही जिवंत होती. पण त्यांनी जॅकेट आतच फुगवले होते. पाणी चढले तशी ती छताला जाऊन टेकली, आणि दार राहिले खाली, पाण्यात. फुगलेल्या जॅकेटनिशी बुडी मारता येत नाही. हे सारे एका वाक्यात सांगता येते, ‘आत फुगवाल तर छताला अडकाल.’ पण त्याने प्रवासी घाबरतील अशी कंपन्यांना भीती वाटत असावी. प्रवासी घाबरू नये म्हणून त्याला अडाणी ठेवायचे, ही युक्ती आपल्याकडच्या काही डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

कारण कळले की माणूस कसा बदलतो याचा दाखला आमच्या घरातलाच आहे. वहिनी लेकीकडे परदेशी निघाल्या होत्या. चेक-इनच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, आणि लेकीच्या लसणीच्या चटणीसाठी दोन किलो सुके खोबरे. काउंटरवरच्या मुलाने यादी पुढे केली. त्यात फटाके, गॅसची टाकी, पेट्रोल, ॲसिड; आणि त्या पंगतीत आपले खोबरे! वहिनींनी ते अपमानासारखे घेतले. “खोबऱ्यानं काय विमान पाडतात का रे?” मुलगा म्हणाला, “रूल आहे, मॅडम.” झाले! मागे वीस माणसांची रांग, पुढे वहिनी. “रूल कुणी काढला? त्याच्या घरी चटणी करत नाहीत का?” मी मध्ये पडलो. म्हटले, “वहिनी, सुक्या खोबऱ्यात तेल किती असतं? कोंडलेल्या जागी, उबेला, ते आपलं आपण तापत जातं. तापत तापत पेट घेऊ शकतं. आणि खाली सामानाच्या कोठारात बघायला कुणी नसतं.” वहिनी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “अगोबाई! होळीत नारळ कसा भडकतो ते बघितलंय की मी!” आणि स्वतःच्या हाताने पिशवी काढून माझ्याकडे दिली. त्या मुलाला म्हणाल्या, “हे आधी सांगायचं नाही का, बाळा?” खोबरे आमच्याकडे महिनाभर पुरले.

पॉवर बँकेचे नेमके उलटे. ती खालच्या सामानात चालत नाही, जवळ ठेवावी लागते. कारण पेटली तर वर कुणाला तरी दिसेल आणि पाणी मारता येईल. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानच्या विमानतळावर उभे विमान जळाले. माणसे सगळी उतरली. आग डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि संशय गेला तो पॉवर बँकेवर. म्हणून ती वरच्या कप्प्यात न ढकलता डोळ्यांसमोर ठेवावी, हा माझा फुकटचा सल्ला, कारणासकट.

आता काही कंपन्यांनी प्रेक्षकांना जागे करायला चित्रफिती काढल्या आहेत. न्यूझीलंडवाल्यांनी २०१२ मध्ये हॉबिट आणि बुटके आणून बसवले. आपल्या एअर इंडियाने २०२४ मध्ये सगळी सूचना नृत्यांतून मांडली: भरतनाट्यम, कथक, ओडिसी, कथकली, मोहिनीआट्टम, बिहू, घूमर, गिद्धा. दृष्ट लागण्यासारखी फीत आहे. लावणी नाही, हे माझे प्रादेशिक दुःख बाजूला ठेवतो. पण पाहून झाल्यावर पोशाख आठवतात, मुद्रा आठवतात. दार कुठे होते ते आठवत नाही. पंचपक्वान्नांचे ताट वाढले आणि औषधाची गोळी द्यायची राहिली, तसे.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून निघालेले विमान दुबईला उतरताना आपटले आणि पेटले. तीनशे माणसे होती, तीनशेही वाचली. बाहेर आग विझवणारा एक जवान मात्र स्फोटात गेला. आतल्या चित्रणात दिसते काय, तर पेटत्या विमानात लोक वरच्या कप्प्यातून बॅगा ओढताहेत. याउलट २ जानेवारी २०२४ चे टोकियो. उतरणारे मोठे विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. त्या छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच गेले. मोठ्यातल्या ३७९ माणसांपुढे धूर होता, ध्वनिक्षेपक बंद पडलेला, आठांपैकी तीनच दारे वापरता येणारी. सेविका कर्णे घेऊन ओरडत होत्या. बॅगा तिथेच टाकून ३७९ च्या ३७९ बाहेर आले.

हे सगळे मी एका विमान कंपनीला कळवले. सोबत आजीच्या बोलीतला मसुदाही जोडला: “बाळांनो, बॅग राहू द्या. तुम्ही ती काढेपर्यंत मागचा माणूस गुदमरेल. टाचेचे बूट काढा, घसरगुंडी फाटेल.” दोन दिवसांत उत्तर आले. ‘प्रिय प्रवासी, आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. आपली बॅग हरवल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ खाली विचारले होते, हे उत्तर उपयोगी पडले का? मी ‘नाही’ वर बोट ठेवले. लगेच दुसरी चौकट उघडली: ‘कृपया कारण निवडा.’ चार कारणे दिली होती. त्यांतली तीन बॅगेची होती आणि चौथे होते, ‘इतर’.