वॉल्थमस्टोची श्वानशर्यतभूमि

लंडनच्या ईशान्य भागांत वॉल्थमस्टो येथें १९३३ सालीं ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठीं उघडलेलें क्रीडांगण १६ ऑगस्ट २००८ रोजीं बंद पडलें. पुढें तेथें घरें झालीं. दर्शनी इमारत व पैजांचे आंकडे दाखविणारा फलक यांस २००७ सालींच संरक्षण मिळाल्यानें तीं मात्र वांचलीं. एवढ्यानें इतिहास राखला गेला, हें मत आम्हांस ग्राह्य नाहीं. पोथीचें मंगलाचरण व पुष्पिका ठेवून मधलीं पानें टाकावीं, तसा हा प्रकार होय.

१९३४ सालीं व पुन्हां १९४९ ते १९५१ पर्यंत याच आवारांत स्पीडवे, म्हणजे ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींच्या शर्यती, होत. १९४५ च्या निवडणुकींत चर्चिल येथें बोलावयास उभे राहिले असतां श्रोत्यांनीं त्यांची हुर्यो केली. भिंत यांतलें काय सांगणार?

शर्यतीची छापील पत्रिका तेवढी सांगते. तींत कुत्र्याचें नांव, त्याचा शिक्षक व मागील धांवांच्या वेळा असत. विकत घेणारा समासांत पेन्सिलीनें निकाल टिपी. तें टिपण आम्ही प्रथम प्रतीचें साधन मानतों. संग्राहकांच्या बाजारांत कोऱ्या प्रतीस अधिक भाव येतो, तो आमच्या मतें उलटा होय.