साम्य म्हणजे उसनवारी नव्हे

रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांवर गेल्या काही वर्षांत मराठीत पुष्कळ लेखन झाले. त्यामागील कष्टांविषयी मला आदर आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी उन्हातान्हात सडे तुडवीत हिंडली. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने नोंदी केल्या. २०२२ साली कोकणातील नऊ ठिकाणे युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली. त्यातील सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. माझा वाद या शोधाशी नाही. शोधाचा जो अर्थ लावला जातो, त्याच्याशी आहे.

बारसूच्या सड्यावर एक चित्र आहे. मध्ये माणूस, दोन्ही बाजूंना वाघासारखी दोन जनावरे. असेच चित्र मोहेंजोदडोच्या मुद्रांवर आहे. मेसोपोटेमियाच्या मुद्रांवर आहे. इजिप्तमधील गेबेल अल-अरक येथील हस्तिदंती मुठीच्या सुरीवरही आहे. साम्य डोळ्यांत भरते, हे खरे. पण हे साम्य दिसताच आपले लेखक एकदम निर्णयाला येतात: कोकणाचा सिंधू संस्कृतीशी संबंध होता, म्हणजे ही कल्पना तिकडून इकडे आली. या ‘म्हणजे’पाशी मी अडतो.

दोन संस्कृतींत देवाणघेवाण झाली, हे सिद्ध कसे होते? सिंधू आणि मेसोपोटेमिया यांचेच उदाहरण घ्या. उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत सिंधू प्रदेशातील नक्षीदार लाल मणी सापडले. तिकडच्या गावांत सिंधू लिपीच्या मुद्रा सापडल्या. इराणच्या आखातातील धर्तीची मुद्रा आपल्याकडे लोथलला मिळाली. मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे अक्कडचा राजा सारगॉन लेखात अभिमानाने सांगतो. इतकेच काय, मेलुहाच्या भाषेचा दुभाषी असलेल्या शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्राही उपलब्ध आहे. मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. माल आहे, मुद्रा आहे, जहाज आहे, दुभाषी आहे. याला पुरावा म्हणतात.

बारसूच्या चित्रामागे यातले काय उभे आहे? फक्त साम्य. कातळात कोरलेल्या रेषेला स्वतःचे वय सांगता येत नाही. तिच्यात कोळसा नाही, हाड नाही. अभ्यासक अंदाज बांधतात तो चित्रांतील प्राण्यांवरून. आज कोकणात नसलेला गेंडा तिथे आहे, आणि शेतीची दृश्ये मात्र नाहीत. या अंदाजाने बरीच शिल्पे सिंधूच्या नगरांहून हजारो वर्षे जुनी ठरतात. तसे असेल तर उसने कोणी कोणाकडून घेतले? पण हा प्रश्न कोणी विचारत नाही. नगराने दिले आणि रानाने घेतले, हे आधीच ठरलेले असते. जनावरांच्या मधोमध जगणाऱ्या माणसाला ‘मी दोन वाघांच्या मध्ये उभा आहे’ हे सुचण्यासाठी परदेशी मुद्रेची गरज का पडावी?

ही विचारपद्धती आपल्या ओळखीची आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे कोणी लपवले नाही. पण तेवढ्यावरून दलित साहित्य हीच निग्रो साहित्याची नक्कल आहे, असे म्हणणारे समीक्षक निघाले. दोन समाज सारख्या दुःखातून सारखे बोलतील, हे त्यांना सुचले नाही. आणि खरा संबंध जिथे होता, तिथे त्यांचे लक्ष गेले नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, त्यांनी उत्तर दिले. ही देवाणघेवाण. तिला कागद आहे. साम्याला उसनवारी ठरवणारी समीक्षा आणि साम्याला उसनवारी ठरवणारे पुरातत्त्व, या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे: खालच्याला स्वतःचे सुचत नाही.

आता आपल्या कार्यकर्त्यांना एक सांगायचे आहे. ही शिल्पे आमच्याच पूर्वजांची, असे म्हणण्याचा मोह आपल्याला होईल. तो टाळला पाहिजे. ‘पांडवांनी एका रात्रीत खोदले’ म्हणणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे असू, तर ते पुराव्याच्या आग्रहामुळेच. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यांचा वंश निराळा, ही उपपत्ती नाकारली. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी रक्तात नव्हे, इतिहासात शोधला. मूळ वंशाचा अभिमान हा मनूच्याच घरचा माल आहे. तो आपण उसना का घ्यावा?

खरी देवाणघेवाण पाहायची असेल तर याच जिल्ह्यात दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीला जावे. कोटजाई नदीच्या काठी एकोणतीस लेणी आहेत. प्रथम हीनयान बौद्ध, मग वज्रयान, अक्षोभ्याच्या मूर्ती. पुढे शिलाहारांच्या काळात गणपती आणि शिव, शेवटी नाथपंथ. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. या साऱ्याला ‘समन्वय’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला हा शब्द फार सोयीचा वाटतो. एकाच्या घरात दुसरा राहायला आला, तेव्हा पहिला आपखुशीने गेला, की दान आटले म्हणून गेला, की घालवला गेला? समन्वय म्हटले की हे प्रश्नच मिटतात. ते खुले ठेवणे हे अभ्यासकाचे काम.

लेण्यांचे लेख वाचताना मला आणखी एक दिसते. कार्ल्याला धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरली आहेत, आणि दरवाजा घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. यवन आणि सुतार एकाच भिंतीवर. पुस्तकांतून मात्र यवनाची चर्चा पानोपानी आणि सुतार एका ओळीपुरता. संस्कृतींची देवाणघेवाण म्हणजे राजे आणि व्यापारी यांचीच, असे लिहिले जाते. पण दगड ज्याने फोडला तोही ती करीतच होता.

हा केवळ विद्वानांचा वाद नाही. ज्या सड्यांवर ही शिल्पे आहेत ती जमीन महसुली भाषेत पोटखराब, म्हणजे निकामी. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावचे बायकापुरुष सड्यावर उतरले आणि पोलिसांनी धरपकड केली. जमीन निकामी ठरवणे सोपे जाते ते तिथे कोणी काही निर्माण केलेच नाही, असे आधी मानले म्हणून. म्हणून सड्यावरच्या माणसाने स्वतःच्या बुद्धीने चित्र काढले, ही शक्यता पहिली धरली पाहिजे. उसनवारी सिद्ध करण्याचा भार, ती सांगणाऱ्यावर.