पाणवठ्यावरचा धडा

काशीदची पुळण मागे टाकून डोंगराकडे वळले की फणसाडचे रान लागते. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान 1986 साली अभयारण्य झाले. या टापूत आता ‘हाताने करून शिका’ अशा निसर्ग-इतिहास शिबिरांची चलती आहे. शाळकरी पोरांपासून निवृत्त माणसांपर्यंत सर्वांना प्रवेश. विद्यार्थ्यांना घेऊन मीही अशा एका शिबिराला गेलो होतो.

शिबिर वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. शेकरूचे घरटे दाखवले, जंजिऱ्याचे बुरूज दाखवले, घायपाताचा दोर वळायला लावला. पुस्तकावर वाढलेल्या पोराला एवढे मिळाले तरी पुष्कळ. पण त्या दोरापाशीच मी अडलो. शिबिरार्थींना दोर वळणे हा तासाभराचा आनंद. गावगाड्यात मांगाने वळलेला दोर घरात चालायचा, मांग उंबऱ्याबाहेर. हा दोराचाच इतिहास आहे. शिकवणाऱ्याने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. पोराचे हात या कामातून सुटावेत म्हणून आईबापांनी आयुष्य घातले. त्याच कामाची फी भरून हौस करताना पाहणे मला जड गेले.

वाट दाखवायला एक कातकरी होता. झाड, साल, औषध तो सांगे. मार्गदर्शक तेच लॅटिन नावासह पुन्हा सांगत. पाऊस सरला की वीटभट्टीवर जाणारा हा माणूस शिबिराच्या लेखी वाटाड्या, आणि तज्ज्ञ ते.

खरा धडा पाणवठ्यावर होता. फणसाडात पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. कोणते जनावर केव्हा पाण्यावर येते, हे मुलांनी ठसे पाहून वहीत उतरवले. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात अभयारण्यांतून मचाणावर बसून प्राणी मोजतात, हेही कळले. ती पौर्णिमा ज्याच्या नावाची, त्याच्याविषयी काही नाही. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, इथे कुणालाच मनाई नाही?” सगळे हसले.

तिचा प्रश्न याच जिल्ह्यातला आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 साली बोल्यांचा ठराव झाला, 1924 साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दोन झाले, तळ्याचे पाणी मात्र मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. गुराढोरांना जिथे मनाई नव्हती तिथे माणसांनी ओंजळ भरली म्हणून त्यांना मार बसला, तळ्याची शेणा-गोमूत्राने ‘शुद्धी’ झाली. हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. हाताने करून शिकवलेला याहून मोठा इतिहास या जिल्ह्यात दुसरा कोणता?

शिबिराच्या पत्रकात जंजिरा होता, कोर्लई होती, महाड नव्हते. मी विचारले तेव्हा आयोजक म्हणाले, “तो विषय सामाजिक, आमचा निसर्गाचा.” मग पाणी कोणत्या खात्यात धरायचे, असे मी म्हणालो. त्यांनी जेवणाची घंटा वाजवली.

पुढल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी आधी महाडला जाणार आहे. फणसाड नंतर.