देवकार्याचे द्राक्ष आणि बाजाराचे मद्य

इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यातील मोन्तेफाल्को हे तटबंदीचे छोटे गाव टेकडीच्या माथ्यावर वसले असून, तेथून सभोवारचे खोरे इतके विस्तीर्ण दिसते की लोक त्याला ‘उंब्रियाचा सज्जा’ म्हणतात. या गावाच्या आणि शेजारच्या बेव्हान्यासारख्या काही गावांच्या शिवारात साग्रान्तीनो नावाचे काळे द्राक्ष पिकते. त्याच्या मद्यास आज परदेशांतही चांगली किंमत येते आणि त्याची वाखाणणी करताना ‘प्राचीन परंपरा’ हे दोन शब्द सहसा गाळले जात नाहीत. त्या दोन शब्दांची पारख करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मद्याची भलावण आम्हांस करावयाची नाही. ज्यांच्या घरी ते वर्ज्य आहे, त्यांनाही हा प्रश्न परका वाटू नये. कारण देवकार्यात वाढलेली वस्तू बाजारात गेली म्हणजे तिचे काय होते, असा तो प्रश्न आहे.

साग्रान्तीनोचे उल्लेख सोळाव्या शतकापासून सापडतात. त्याच्या नावाचा संबंध ‘पवित्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडण्याची तेथे प्रथा आहे. या द्राक्षाची साल जाड आणि तिच्यातला तुरटपणा विलक्षण. इटलीतल्या द्राक्षांत या बाबतीत त्याची बरोबरी करणारे क्वचितच. कच्चे जांभूळ किंवा काजूचे बोंड खाऊन ज्याची जीभ एकदा आखडली असेल, त्याला याची कल्पना सांगावी लागणार नाही. या दोषावर तेथल्या शेतकऱ्यांनी एक साधा उपाय योजिला. घड तोडून ते चटयांवर दोन महिने वा त्याहूनही अधिक सुकू द्यावयाचे. पाणी उडून जाते, साखर दाट होते. मग रस काढून तो आंबविला तरी सगळी साखर संपत नाही, आणि उरलेल्या गोडीने तुरटपणाला लगाम बसतो. हे ‘पास्सीतो’ नावाचे गोड मद्य थोडेच निघे, म्हणून ते राखून ठेवले जाई आणि ईस्टरसारख्या सणाच्या पंगतीत बाहेर येई. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरचे सण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा राखून ठेवलेल्या वस्तूचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतील माणसे शहरांकडे गेली, अर्धेलीची शेती मोडली, आणि १९६० च्या दशकात ही वेल जवळजवळ नामशेष होण्याच्या बेतास आली. तिला वर काढणाऱ्यांत काप्राई घराण्याचे नाव मोठे आहे. वस्त्रोद्योगात असलेल्या आर्नाल्दो काप्राई यांनी १९७१ साली येथे जमीन घेतली. पुढे त्यांचे पुत्र मार्को यांनी मिलान विद्यापीठाच्या साहाय्याने या वेलीचा शास्त्रीय अभ्यास करविला. १९७९ साली येथील मद्यांस सरकारी उगम-मान्यता मिळाली आणि १९९२ साली साग्रान्तीनोस त्यातील सर्वोच्च श्रेणी लाभली. परंतु हा सारा लौकिक जमला तो गोड पास्सीतोभोवती नव्हे. साखर संपूर्ण आंबवून केलेले कोरडे, भारदस्त, दीर्घकाळ टिकणारे मद्य हेच आता मोन्तेफाल्कोचे मुख्य रूप झाले आहे.

या उद्धाराचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. वेलच मेली असती, तर आज वाद घालण्यास विषयही उरला नसता. तरीही आमचा आक्षेप आहे, आणि तो नावापुरता नाही. जुना अभंग नव्या चालीवर बसवून कोणी तो उत्तम गायिला, तर आम्ही मनापासून दाद देऊ. मात्र ही चाल संतांच्या काळापासूनची आहे असे तो म्हणू लागला, तर त्यास थांबवावे लागेल. कोरड्या साग्रान्तीनोचे तसेच आहे. द्राक्ष जुने, माती जुनी. त्याच्या लौकिकाचे वय मात्र फार तर अर्धशतकाचे.

यावर समर्थक म्हणतील की द्राक्ष हीच परंपरा. कायदाही तसाच बोलतो. मद्य निव्वळ साग्रान्तीनोचेच असावे, ते सदतीस महिने मुरावे, त्यांतील किमान बारा महिने कोरडे मद्य लाकडी पिंपात असावे, असे त्याचे दंडक आहेत. कायद्याने वाण राखता येतो, शीव राखता येते, महिने मोजता येतात. सण राखणे त्याच्या हाती नाही. शिवाय चवीच्या कसोटीवरही जुन्याचा पक्ष दुबळा ठरत नाही. कोरडे मद्य तरुणपणी तोंड कोरडे पाडते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. काहींनी त्यास नव्या ओक-पिंपांच्या वासाची झूल चढविली, तीही उपरीच वाटली. उलट पास्सीतोत गोडी तुरटपणास आवरते आणि तुरटपणा गोडीस चिकट होऊ देत नाही. एका दोषातून दोन गुण साधणारी ही रचना शेतकऱ्यांची आहे, आणि कलेच्या दृष्टीने आम्ही तिलाच वरचे स्थान देऊ.

मोन्तेफाल्कोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये बेनोत्सो गोत्सोली याने १४५२ साली संत फ्रान्सिसच्या चरित्राची भित्तिचित्रे काढली. एका चित्रात संत पाखरांना उपदेश करतो आहे आणि या गावास आशीर्वाद देतो आहे. ते चर्च आज संग्रहालय आहे. खालच्या मजल्यावर संन्याशांची जुनी मद्य-तळघरेही पाहावयास मिळतात. चित्रे सुरक्षित आहेत, रंग जपले आहेत, पण पाहणारा तेथे तिकीट काढून येतो. भित्तिचित्रास याहून अधिक काही लाभणे कठीण. द्राक्षाची गोष्ट मात्र तशी नाही. पास्सीतो अजून निघते, कायद्यात त्याला जागा आहे, आणि ईस्टरचा सण दरवर्षी येतोच.

नगारखान्यातला चौघडा रंगमंचावर आला म्हणजे वाद्य टिकते, वादकास मान मिळतो. पहाटेची ती वेळ मात्र मागे राहते. देवळाच्या कारभाऱ्यांनी ती वेळ सांभाळली, तरच रंगमंचावरच्या वाजवण्याला आधार राहतो. मोन्तेफाल्कोच्या मद्यकारांकडेही आमचे एवढेच मागणे आहे. कोरडे मद्य त्यांनी अभिमानाने विकावे आणि ते नवे आहे हे मोकळेपणाने सांगावे. पास्सीतोस मात्र यादीच्या शेवटी न ढकलता सणाच्या पंगतीत पहिला मान द्यावा. तो मान टिकला, तर ‘परंपरा’ हा शब्द त्यांच्या तोंडी शोभेल.