−१० आणि +४: दोन आकड्यांची उलटतपासणी

बऱ्याच ऑडिओ उपकरणांच्या पाठीवर एक छोटं बटण असतं. एका बाजूला −१०, दुसऱ्या बाजूला +४. एकक बहुतेक वेळा छापलेलंच नसतं. हे बटण कशासाठी, असं विचारलं की साधारण एकच उत्तर मिळतं: 'घरगुती मशीनची लेव्हल प्रोफेशनल मशीनपेक्षा १४ डेसिबलने कमी असते, म्हणून मध्ये लेव्हल वाढवणारा डबा लावा.' एरवी या ब्लॉगवर आपण शोधनिबंध वाचतो. आज हे एक वाक्य तितक्याच बारकाईने वाचू. यातला आकडा चुकीचा आहे, कारण अर्धवट आहे आणि सल्ला पुष्कळदा निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी आकडा

४ मधून −१० वजा केले की १४ येतात, हे बरोबर. पण ही वजाबाकी करताच येत नाही. −१० हा आकडा डीबीव्हीमध्ये आहे आणि त्याचं शून्य म्हणजे १ व्होल्ट. +४ हा आकडा डीबीयूमध्ये आहे आणि त्याचं शून्य म्हणजे ०.७७५ व्होल्ट. एक जण मजले पार्किंगपासून मोजतो, दुसरा तळमजल्यापासून. दोघांचे मजले सारख्याच उंचीचे, पण सुरुवात वेगळी.

सरळ व्होल्टमध्ये बघा. −१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. गुणोत्तर जवळपास ३.९, म्हणजे ११.८ डेसिबल. फरक १४ चा नाही, १२ चा आहे. दोन डेसिबलने आभाळ कोसळत नाही, हे खरं. पण जो लेख पहिल्याच ओळीत दोन वेगळ्या एककांची वजाबाकी करतो, त्याचा पुढचा सल्ला जरा जपून घ्यावा.

हे आकडे आले कुठून

०.७७५ हा विचित्र आकडा टेलिफोनच्या काळातला. ६०० ओहमच्या लाइनवर १ मिलिवॉट शक्ती द्यायची तर इतका व्होल्टेज लागतो. १९३९ च्या सुमारास बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून व्हीयू मीटर प्रमाणित केला. मीटर थेट लाइनला जोडला तर लाइनवर भार पडून सिग्नल बिघडायचा, म्हणून त्याच्या आधी ३६०० ओहमचा रोध टाकला. त्या रोधामुळे काटा शून्यावर यायला लाइनवर ४ डेसिबल जास्त लागू लागले. तोच हा +४. त्यात 'प्रोफेशनल दर्जा' वगैरे काही नाही, एका मीटरची सोय आहे.

'मॅचिंग' हा शब्दही त्याच काळाचा अवशेष. तेव्हा ६०० ला ६०० जुळवणं खरंच गरजेचं होतं. आजच्या उपकरणांत आउटपुटचा रोध साधारण शंभरेक ओहम असतो आणि इनपुटचा दहा हजार किंवा त्याहून जास्त. आपण मुद्दामच जुळवत नाही. व्होल्टेज पुढे पोचला की झालं.

सरासरी आणि शिखर

लेबलवरचे दोन्ही आकडे कामकाजी पातळीचे आहेत, म्हणजे सिग्नल साधारण कुठे असावा याचे. तो जास्तीत जास्त कुठे जाऊ शकतो, हे त्यात नाही. घरगुती सीडी प्लेअर पूर्ण क्षमतेला साधारण २ व्होल्ट देतो, म्हणजे सुमारे +८ डीबीयू. प्रोफेशनल बाजूला युरोपीय प्रसारणाच्या पद्धतीत डिजिटलची कमाल पातळी +१८ डीबीयूला (सुमारे ६.२ व्होल्ट) धरतात, अमेरिकी पद्धतीत +२४ ला (सुमारे १२.३ व्होल्ट). म्हणजे शिखरांमधला फरक १० पासून १६ डेसिबलपर्यंत काहीही असू शकतो.

आता सरासरी घ्या. समजा, सीडीवरच्या एखाद्या जोरकस गाण्याची सरासरी शिखराच्या फक्त १० डेसिबल खाली आहे. मग ती −२ डीबीयूच्या आसपास येते, आणि +४ पासूनचं अंतर उरतं जेमतेम ६. लेबलवरचा १२ हा आकडा यापैकी कुठल्याच परिस्थितीचं वर्णन करत नाही.

गायक कुठे गेला?

माझी मुख्य तक्रार पुढची आहे. हौशी एकांकिका असो किंवा सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम, मोबाइलवरून ट्रॅक लावला आणि गाणं पोकळ, बारीक वाजलं की निदान ठरलेलं: 'मोबाइलची लेव्हल कमी आहे.' मग गेन वाढवतात. संगीत वाढतं, गायक काही येत नाही.

कारण केबलमध्ये आहे. मोबाइलच्या पिनवर तीन भाग असतात: डावा, उजवा आणि ग्राउंड. मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटलाही तीनच भाग: प्लस, मायनस आणि ग्राउंड. पिन छान बसते. पण बॅलन्स्ड इनपुटचं कामच दोन तारांमधला फरक घेण्याचं आहे. दोन्ही तारांवर सारखं असेल ते तो 'बाहेरून आलेला गोंगाट' समजून काढून टाकतो. गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध, दोन्ही चॅनेलवर सारखा ठेवलेला असतो. तोच वजा होतो. मागे उरतो प्रतिध्वनी आणि कडेची वाद्यं. इथे लेव्हल कितीही वाढवा, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

गुणगुण येते तेव्हाही तेच. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटमध्ये, मिक्सर दुसऱ्यात, मध्ये अनबॅलन्स्ड केबल. दोन्हीकडच्या ग्राउंडमधला लहानसा फरक ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्या वरच्या पट्ट्या बनून केबलमध्ये शिरतो. नंतर लावलेला डबा सिग्नलसोबत घरघरही तितकीच वाढवतो. यावर काही जण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. कृपया असं करू नका. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे.

डब्याची बाजू

न्यायाने सांगायचं तर काही ठिकाणी डबा हवाच. पुढच्या अँप्लिफायरला गेनचं बटण नसेल, केबल लांबलचक असेल, किंवा प्रसारण केंद्रासारखं सगळं एका ठरलेल्या पातळीवर चालत असेल, तर अनबॅलन्स्डचं बॅलन्स्ड करून लेव्हल उचलणारं उपकरण उपयोगी पडतं. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स तर ग्राउंडचं कडंच तोडतो. तो लेव्हल वाढवत नाही, उलट घटवतो, आणि तरीही आवाज सुधारतो. यावरूनच कळतं की दुखणं बरेचदा लेव्हलचं नसतंच.

कॅसेट वाचवताना

हे सगळं सर्वात महत्त्वाचं ठरतं ते जुन्या कॅसेटी डिजिटल करताना. घरोघरी आजीच्या ओव्या, गावातली भजनं, कुणाचं तरी भाषण अशा टेपवर पडून आहे. टेप दरवर्षी थोडी खराब होते आहे. काही टेपा एकदाच नीट वाजतील.

इथे 'लेव्हल कमी पडेल' ही भीती चुकीच्या दिशेला ढकलते. साध्या कॅसेटचा सिग्नल तिच्या स्वतःच्या सरसरीपेक्षा ५०-६० डेसिबल वर असतो. आजचा बरा २४ बिट इंटरफेस ११० च्या आसपास देतो. रेकॉर्डिंग १२ डेसिबल खाली राहिलं तरी हाताशी ९८ उरतात. टेपची सरसर इंटरफेसच्या गोंगाटाच्या कितीतरी वरच राहते, त्यामुळे नंतर संगणकावर लेव्हल वाढवली तर काहीही गमावलं जात नाही. पण 'मॅच' करण्याच्या नादात लेव्हल जास्त झाली आणि लाटांची टोकं कापली गेली, तर ती परत आणता येत नाहीत. दोन चुकांची किंमत सारखी नाही. मला त्या वाक्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच: ते भरून निघणाऱ्या चुकीची भीती दाखवतं आणि न भरून निघणाऱ्या चुकीबद्दल गप्प राहतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी केबल बघा: स्टिरिओ पिन मोनो इनपुटमध्ये नाही ना? डावा-उजवा वेगवेगळ्या चॅनेलवर घ्या. मग चार्जर काढून घरघर जाते का ते तपासा. मग मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा, फाटायला लागला तर किंचित कमी करा, आणि उरलेलं मिक्सरच्या गेनवर जुळवा. टेप असेल तर सर्वात मोठा आवाजही वरच्या टोकापासून १० डेसिबल खाली राहू द्या. पाठीवर −१० चं बटण असेल तर ते दाबा, ते इनपुट साधारण १२ डेसिबलने वाढवतं. एवढं करूनही कमी पडलं, तर खुशाल दुकानात जा.