दहा शिलिंगांचा माणूस

टॉमस हार्डी हा गवंड्याचा मुलगा, आणि फ्लोरा टॉम्प्सन ही गवंड्याचीच मुलगी. हार्डी १८४० साली डॉर्सेट परगण्यात जन्मला. फ्लोरा १८७६ साली ऑक्सफर्डशायरमधल्या एका लहानशा वाडीत. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला खेड्यातला कष्टकरी दोघांनीही जवळून पाहिला आणि लिहिला. पण हार्डीच्या हाती तो बहुधा गमतीचा झाला, आणि फ्लोराच्या हाती माणूस राहिला. हे कसे झाले?

आधी एक खुलासा केला पाहिजे. शेतावरचा माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन बिघे का होईना, पण स्वतःची जमीन असलेला कुणबी येतो. हा माणूस तसा नव्हे. जमीन जमीनदाराची; ती खंडाने कसणारा शेतकरी वेगळा; आणि त्याच्याकडे मजुरीवर राबणारा हा तिसरा. पुष्कळदा राहते घरसुद्धा मालकाचे. काम सुटले की छप्परही सुटले.

आता हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) घ्या. मजुरांच्या बाजाराचे त्यातले चित्र विसरता येत नाही. गाडीवानाच्या टोपीला चाबकाची दोरी, शाकारणी करणाऱ्याच्या टोपीला विणलेले गवत, मेंढपाळाच्या हाती आकडीची काठी. जो तो आपल्या धंद्याची खूण मिरवीत गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा आहे. इतके पाहणारा हा लेखक त्याच मजुरांना एकत्र बसवतो ते मात्र गप्पा मारायला आणि पिऊन हसवायला. लाजरा जोसेफ पुअरग्रास एका अभागी मुलीची शवपेटी गाडीत ठेवून गुत्त्यात बसून राहतो. वादळ येते त्या रात्री सगळे मजूर ब्रँडी पिऊन खळ्याच्या कोठारात घोरत पडलेले असतात, आणि धान्याच्या गंजी वाचवतो तो गेब्रिएल ओक. ओक नायक ठरावा म्हणून बाकीच्यांना झोपवावे लागले, असे मला तरी वाटते. शिवाय कादंबरी सुरू होते तेव्हा ओकही मजूर नव्हे. स्वतःच्या मेंढ्या गमावून बसलेला लहान मालकच तो.

गंमत अशी, की १८८३ साली डॉर्सेटच्या मजुरावर लिहिलेल्या लेखात हार्डीनेच शहरवाल्यांना फटकारले. हे लोक एकाच साच्याचे गावंढळ नव्हेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, असे त्याने बजावले. ‘टेस’मध्ये (१८९१) त्याने त्या बोलण्याची थोडी भरपाई केली. मळणीयंत्रापाशी दिवसभर उभी राहून थकलेली टेस हसवीत नाही.

फ्लोराचे ‘लार्क राइज’ निघाले १९३९ साली, म्हणजे तो काळ सरल्यावर पुष्कळ वर्षांनी. ती सुरुवातच हिशेबाने करते म्हणा ना. १८८०च्या सुमारास वाडीतल्या गड्याला आठवड्याला दहा शिलिंग मिळत. शुक्रवारी संध्याकाळी तो ते बायकोच्या हाती ठेवी, आणि ती त्यातला एक शिलिंग त्याला परत देई. त्या एका शिलिंगात त्याची आठवडाभराची बिअर. घराघरात पाळलेले एक डुक्कर, आणि त्याच्या भरवशावर उधार मिळणारे त्याचे खाद्य. गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी. खारवलेले मांस, भाजी आणि गोड गोळा, सारे एकाच भांड्यात उकडलेले. हे सांगताना तिचा आवाज कुठे चढत नाही, की रडवेला होत नाही.

सणाच्या दिवसांत वाचता म्हणून सुगीच्या जेवणाचा प्रसंग आवर्जून सांगतो. शेतकरी वर्षभर गड्यांना उपाशी ठेवण्याइतकी मजुरी देई आणि सुगीनंतर एकदा भरपेट जेवू घाली. एवढ्याने फिटले असे तो समजे, असा टोमणा कोणी मारील. पण फ्लोरा म्हणते, तो मुळी विचारच करीत नव्हता, आणि त्या दिवशी गडीही करीत नव्हते, कारण ते खाण्यात रमलेले असत. हार्डीच्याही कादंबरीत असे जेवण आहे. टेबलाचे एक टोक खिडकीतून दिवाणखान्यात गेलेले, तिथे आत मालकीण, आणि गडी बाहेर हिरवळीवर. चित्र सुंदरच आहे. पण मजुरीचा आकडा त्या टेबलावर येत नाही.

फ्लोराचेही मला सगळेच पटत नाही. थोडक्यात सुखी राहण्याची विद्या त्या लोकांना ठाऊक होती, असे ती म्हणते. दहा शिलिंगांत दुसरी कोणती विद्या परवडणार होती? पण हा प्रश्न विचारायला लागणारे आकडे तिनेच तर आपल्या हाती दिले आहेत. पुस्तकाच्या अखेरीस महायुद्ध येते, आणि त्या एवढ्याशा वाडीतली अकरा मुले परत येत नाहीत. देवळातल्या पितळी पत्र्यावर त्यांची नावे आहेत. सर्वांत खाली तिच्या भावाचे.