पुण्यातून दिसणारा समुद्र

मराठी माणसाच्या मनातला समुद्र बराचसा घाटावर घडलेला आहे. कोळीगीतं म्हटली की हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींबरोबर शब्द आठवतात ते शांता शेळक्यांचे. आणि शांताबाई इंदापूरच्या, शिकल्या पुण्याच्या स. प. महाविद्यालयात. गाणी अवीट आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण सिनेमानेही तीच नजर उचलली.

'किल्ला' घ्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकलेल्या अविनाश अरुण यांचा हा चित्रपट. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. आईची बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणात आलेल्या मुलाच्या डोळ्यांनी तो समुद्र पाहतो, आणि आपण पाहुणे आहोत हे तो लपवत नाही. म्हणूनच तो खरा वाटतो. पंचाईत नंतरच्या लघुपटांनी केली. त्यांनी 'किल्ला'ची ओली, करडी चौकट तेवढी घेतली. पात्र उदास झालं की लाटा दाखवायच्या. २०१४ च्याच राष्ट्रीय पुरस्कारांत भाऊराव कऱ्हाडेंच्या 'ख्वाडा'ला प्रत्यक्ष स्थळावरच्या ध्वनिमुद्रणासाठी पुरस्कार मिळाला होता. मेंढरं, माणसं, माळ यांचा आवाज मराठी पडद्यावर आला. कोळीवाड्याचा 'ख्वाडा' अजून व्हायचा आहे.

त्यात काय असायला हवं? डोल जाळं पाहा. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे. बोंबील, जवळा, करंदी जाळ्यात लोटण्याचं काम पाणीच करतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोर, अष्टमीच्या सुमाराला भांग लागली की ओढ मंदावते. पाणी फिरायच्या बेताला जाळं ओढायचं. वेळ चुकली तर श्रम वाया. हे सगळं तिथी, वारा आणि हाताला लागणारी दोरीची ओढ यांवरून ठरतं. संवादातून ते सांगता येत नाही, दाखवावं लागतं, आणि दाखवायला वेळ लागतो.

सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'ने हा वेळ दिला. मुंबईतले दोन कोळी मित्र: राकेश बापाच्या होडीवर उथळ पाण्यात जुन्या रीतीने मासेमारी करणारा, गणेश स्कॉटलंडला शिकून आलेला, मोठ्या बोटीच्या कर्जात बुडालेला आणि एलईडी दिव्यांच्या बेकायदा मासेमारीकडे ओढला जाणारा. २०२३ च्या सनडान्स महोत्सवात या माहितीपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. अलीकडे समुद्रावर झालेलं हे सर्वांत मोलाचं काम. तरी तो मैत्रीत जास्त रमतो, पाण्याच्या जाणकारीत कमी. आणि कॅमेरा बाहेरून आलेल्या दिग्दर्शिकेचाच.

चिलीतल्या मापुचे आदिवासींकडे पाहिलं की फरक कळतो. जानेट पायलान यांनी १९९० च्या दशकातच स्वतःच्या लोकांवर माहितीपट काढायला सुरुवात केली. किनाऱ्यावरच्या लाफकेन्चे मापुचेंना २००८ च्या कायद्याने पिढीजात वापराच्या समुद्रावर हक्क मागता येतो, पण वहिवाट सिद्ध करावी लागते. अशा ठिकाणी आजोबांचं बोलणं टिपून ठेवणाऱ्या पोराच्या कॅमेऱ्याला वेगळंच वजन येतं.

आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून वरळीच्या कोळ्यांनी खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. ६० मीटरचं अंतर १२० मीटर करायला सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. प्रवाह आणि वारा होडीला कसे रेटतात, हे त्यांना आराखडा न पाहता ठाऊक होतं. एवढं नाट्य ज्या विषयात आहे, तो कथापटाला सुचू नये? नवल आहे.

दरम्यान कोळीवाड्यातली तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढतात, यूट्यूबवर टाकतात. माझ्या मते समुद्र पडद्यावर आणण्याच्या कलेची खरी स्थिती तिथे पाहावी. जाळं कसं विणतात, बर्फ किती भरतात, कुठल्या पाण्यात काय मिळतं, हे ती ऐटीत आणि आपल्या बोलीत सांगतात. उणीव आहे ती संकलनाची. मोठा मासा निघाला की लगेच कालवण. म्हातारा तांडेल दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच ढोल-ताशाचं संगीत. थांबलं तर प्रेक्षक निघून जाईल ही भीती प्रत्येक कटमध्ये दिसते. पाणी फिरेपर्यंत होडीत बसून राहण्याची चैन अशा पोराला परवडत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ती मिळते, आणि तो ती बहुतेक वेळा कोंढव्यातल्या एका खोलीत, एकाकी नायकावर खर्च करतो.